सायकलवाली

प्रिय ताई,

हे पत्र तू शेवटून वाचायला घेणार, मला ठाऊक आहे. गोष्टीचं पुस्तक असो नाहीतर लग्नपत्रिका, तुझा हात आधी शेवटच्या पानावर जातो. या वेळी माझ्यावर कृपा कर आणि वरून खाली ये. फोनवर पाच मिनिटांत झालं असतं, एवढं लिहीत काय बसलीस, असंही तू म्हणशील. पण गेले पाच आठवडे मी तुझा फोन उचलत नाहीये. 'कामात आहे, नंतर करते' हे मी किती वेळा लिहून पाठवलं, तेही तुझ्या लक्षात असणार, कारण तुझ्या लक्षात सगळंच राहतं. कामात होते हे खरं. पण पाच आठवडे बहिणीचा फोन उचलता येणार नाही इतकं काम जगात कुणालाच नसतं.

शेवटचं बोललो तेव्हा तू विचारलंस की बिट्टी आता दहा वर्षांची झाली, तिला शिकायला तुझ्याकडे पाठवते, तुझ्याकडे एक खोली रिकामी आहेच. मी म्हटलं, हो हो, का नाही, पाठव की. इतक्या चटकन म्हटलं की तुझं वाक्यही पुरं झालं नव्हतं. तू लगेच घरात ओरडून सांगितलंस, अगं मावशी हो म्हणाली! मग बिट्टीनं फोन ओढून घेतला आणि विचारलं, मावशी, तुझी ती सायकलवाली मैत्रीण अजून तिथेच राहते का? मी तिलाही हो म्हटलं, आणि दाराची घंटा वाजली असं सांगून फोन ठेवला. ताई, माझ्या दाराची घंटा कुणी वाजवत नाही. घंटा चालते की नाही हे बघायला मागे एकदा मीच बाहेर जाऊन ती वाजवून आले होते.

तर पहिली गोष्ट ही, की त्या दिवशीचा माझा 'हो' खरा नव्हता. सांगितलं एकदाचं. आता रागावू नकोस, म्हणजे रागाव, पण वाचत राहा.

माझं काम नक्की काय आहे हे मी तुला कधी धड सांगितलंच नाही. तू सगळ्यांना सांगतेस की ती हॉस्पिटलात मोठी साहेब आहे. साहेब कसली डोंबलाची! हॉस्पिटलाच्या तळघरात, जिथे एकही खिडकी नाही, तिथे शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, तपासून, गठ्ठे बांधून, वाफेच्या मोठ्या यंत्रात निर्जंतुक करण्याचा विभाग आहे. तिथली मी मुख्य. माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत आणि त्यांच्या मिळून सात भाषा. कामाची भाषा आठवी, आणि ती कुणाचीच घरची नाही. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आम्हाला कधी बघत नाहीत. आम्ही त्यांचे चिमटे आणि कात्र्या बघतो, आणि कोण डॉक्टर हत्यारं नीट ठेवतो आणि कोण आपटतो ते आम्हाला तोंड न बघता कळतं. प्रत्येक गठ्ठ्यावर आम्ही एक पट्टी चिकटवतो, वाफेनं तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. नव्या माणसाला वाटतं, रेघा काळ्या झाल्या की काम झालं. तसं नसतं. ती पट्टी एवढंच सांगते की गठ्ठा यंत्रात जाऊन आला. वाफ आतपर्यंत पोचली का, हे गठ्ठ्याच्या पोटात ठेवलेली दुसरी पट्टी सांगते, आणि ती गठ्ठा उघडल्याशिवाय दिसत नाही.

या विभागात माझं नाव आहे ते एका गोष्टीसाठी. नव्या माणसाला काम समजावून सांगितलं, त्यानं मान हलवली, तर ते खरंच समजलंय की वेळ मारून नेतोय हे मला लांबून कळतं. मी कधीच कुणाला 'समजलं का' असं विचारत नाही. विचारून काय उपयोग, सगळे हो म्हणतात. मी म्हणते, करून दाखव. दोन वर्षांपूर्वी एक पोरगेली बाई नवीन आली होती. पोटाच्या शस्त्रक्रियेचा एक लांब चिमटा असतो, तो धुण्याआधी त्याचे तीन भाग सुटे करावे लागतात, नाहीतर आत रक्त तसंच राहतं. माझ्या आठवड्याच्या रजेत तिला दुसऱ्या कुणी हे शिकवलं होतं. परतल्यावर मी पुन्हा सांगितलं, तिनं मान डोलवली, हसली, वर 'खूप सोपं आहे' असंही म्हणाली. ते 'खूप सोपं' मला खटकलं. मी म्हटलं, करून दाखव. तिनं चिमटा अख्खाच पाण्यात बुडवला. नंतर कळलं की आठवडाभर ती तसंच करत होती आणि आठवडाभर हत्यारं ठेवायच्या खोलीत जाऊन रडत होती. त्या आठवड्यातले सगळे चिमटे आम्ही परत मागवले, सुदैवानं एकही वापरला गेला नव्हता. वरच्या साहेबांनी मला बोलावून कौतुक केलं. म्हणाले, वेगवेगळ्या देशांची माणसं सांभाळायची तुमची हातोटी इतरांना शिकवा. तेव्हापासून वर्षातून दोनदा मला एका खोलीत उभं करतात आणि मी इतर विभागांच्या लोकांना उपदेश करते. ते वह्यांत लिहून घेतात. तुम्ही हे कुठे शिकलात असं कुणीतरी हटकून विचारतं, आणि मी काहीतरी थातूरमातूर सांगते.

कुठे शिकले ते आता तुला सांगते. आईबाबा मला घेऊन या देशात आले तेव्हा मी आठ वर्षांची होते, तू चौदाची. तुझं शाळेतलं शेवटचं मोठं वर्ष तोंडावर आलं होतं म्हणून तुला आत्याकडे ठेवलं, परीक्षा झाली की बोलावू असं ठरलं. मग कागद अडकले, मग आईबाबांची मुलगी म्हणून इकडे येण्याचं तुझं वय उलटून गेलं, आणि ते बोलावणं राहूनच गेलं. हे सगळं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तुला हे माहीत नाही की इथल्या शाळेत पहिले सात महिने मला एक अक्षर समजत नव्हतं. बाई यायच्या, वाकून काहीतरी विचारायच्या, शेवटी त्यांचा आवाज वर जायचा. आवाज वर गेला की मान हलवायची, हे मी दुसऱ्याच दिवशी शिकले. मान हलवली की बाई हसायच्या आणि पुढच्या बाकाकडे जायच्या. पहिल्या प्रगतिपुस्तकात त्यांनी लिहिलं, शांत आणि अतिशय समजूतदार मुलगी. आईनं ते पुस्तक महिनाभर कपाटावर उभं करून ठेवलं होतं. मी मधल्या सुट्टीत हात धुवायच्या जागी जाऊन पूर्ण सुट्टीभर हात धुवायची, म्हणजे एकटीच का उभी आहेस असं कुणी विचारायला नको. इतके स्वच्छ हात साऱ्या शाळेत कुणाचे नसतील. बघ, धंद्याची तयारी तेव्हापासूनच होती.

एकदा बाईंनी असंच काहीतरी विचारलं, मी मान हलवली, आणि चार दिवसांनी मला तीनशे मुलांसमोर चौथऱ्यावर नेऊन उभं केलं. तुझ्या देशातलं एखादं गाणं म्हणशील का, असं विचारलं होतं म्हणे. एकही गाणं आठवेना. मग तोंडातून निघाला तो एकोणतीसचा पाढा. तू शिकवला होतास ना, जिन्यातला दिवा गेला की मी घाबरायचे, तेव्हा तू माझा हात धरून पायरीला एक ओळ म्हणत मला वर न्यायचीस? त्याच चालीवर मी म्हटला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. एका बाईंनी तर डोळे पुसले. मी खाली उतरले, हात धुवायच्या जागी गेले आणि त्या दिवशी पहिल्यांदा खूप हसले. मग तितकीच रडले, कारण हे सांगून जिच्याबरोबर हसावं असं तिथे कुणीच नव्हतं.

तुला मी त्याच आठवड्यात ते लिहिलंही होतं. आठवतंय? मी शाळेत गाणं म्हटलं, आणि माझी सायकलवाली मैत्रीण पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होती. ही पत्रं तू अजून शिवणयंत्राच्या खणात ठेवली आहेस आणि बिट्टीला गोष्टींसारखी वाचून दाखवतेस, हे मागच्या वर्षी तू सांगितलंस तेव्हा मी हसले होते. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टिकलं नाही.

आता गेल्या महिन्यात काय झालं ते ऐक. आमच्याकडे एक नवे गृहस्थ आले, अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांच्या देशात त्यांनी बावीस वर्षं असाच विभाग चालवलेला. मुलगा इकडे आला म्हणून तेही आले, आणि इथे पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. बोलणं कमी. मी त्यांना गठ्ठा बांधायची आमची पद्धत समजावली, त्यांनी डोळे खाली घालून, फार सावकाश मान हलवली. ती मान बघून माझ्या डोक्यात घंटा वाजली. ही मान मला ओळखीची वाटली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, करून दाखवा. त्यांनी केलं, अगदी बिनचूक. मला तरी पटेना. दुसऱ्या दिवशी वेगळं काम, तीच मान, परत मी म्हटलं, करून दाखवा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही वेळा त्यांनी बिनचूक केलं. चौथ्या दिवशी ते आलेच नाहीत. त्यांचा कामाचा झगा इस्त्री केल्यासारखी घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलेला होता.

आधी मला रागच आला. म्हटलं, मी काय शिवी दिली का! हत्यारांच्या बाबतीत मी माझ्या बापाचीही परीक्षा घेईन. मी असं तणतणत असताना माझी मदतनीस, जाड भिंगाचा चष्मा लावते ती, शांतपणे कात्र्या पुसत होती. बारा वर्षं माझ्याबरोबर आहे, कधी उलटून बोललेली नाही. ती म्हणाली, बाई, त्यांच्याकडे मोठ्या माणसासमोर असेच डोळे खाली घालतात. ते माझ्या शेजारच्याच देशाचे आहेत, पहिल्या दिवशी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आणि मग म्हणाली, तुम्हाला प्रत्येकाच्या मानेत तुमचीच मान दिसते. ताई, तोंडात मारल्यासारखं झालं. दोन वर्षं ज्यावर मी उपदेश करत हिंडले, ते हेच होतं. मला माणसं कळतात असं सगळे समजत होते, मीही समजत होते. मला कळत होती ती एक आठ वर्षांची मुलगी. बऱ्याच जणांत ती सापडायची म्हणून माझं चालून गेलं. मास्तरांमध्ये ती नव्हती. ते त्यांच्या रीतीनं मला मान देत होते आणि मी त्यांना तीन वेळा सगळ्यांसमोर शिकाऊ उमेदवार करून टाकलं.

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, अरुंद जिना, एका मजल्यावर समोरासमोर दोन दारं. त्यांच्या नातीनं दार उघडलं. नऊ-दहा वर्षांची, पायात मोठ्या माणसाच्या सपाता. मास्तर खुर्चीत बसले होते. कामापुरती भाषा त्यांना येते, पण त्या दिवशी त्यांनी ती बोलायची नाही असं ठरवलेलं दिसलं. आपल्याच भाषेत बोलायला लागले, पुष्कळ वेळ बोलले. नात मध्ये उभी होती. ते थांबल्यावर तिनं माझ्याकडे बघून गोड हसून सांगितलं, आजोबा म्हणतात की त्यांना जरा बरं नव्हतं, उद्या ते कामावर येतील.

मला त्यांच्या भाषेतला एक शब्दही येत नाही. पण हे असलं भाषांतर मी दहा वर्षं केलंय. घरमालक येऊन आईला काय वाट्टेल ते बोलून जायचा, आणि मी सांगायचे, आई, ते म्हणतात जिना स्वच्छ ठेवता त्याबद्दल आभारी आहे. बाबा चिडून साहेबाला काही सांग म्हणायचे, आणि मी साहेबाला सांगायचे की बाबा तुमची चौकशी करतात. दोन्हीकडची भांडणं मी मध्येच गिळून टाकायची, आणि घरात सगळे म्हणायचे की इथली माणसं किती चांगली आहेत. मी त्या मुलीसमोर जमिनीवर बसले. म्हटलं, बाळ, आजोबा जे बोलले तेच सांग, तू काही चुकीचं करत नाहीयेस आणि मी रागावणार नाही. तिनं आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खाली बघत एका दमात म्हणाली, आजोबा म्हणतात, बावीस वर्षं मी लोकांना हे काम शिकवलं आणि तुम्ही तीन दिवसांत ते सगळ्यांसमोर पुसून टाकलंत. मी मास्तरांची माफी मागितली, त्यांना समजेल अशा साध्या शब्दांत, तिला मध्ये न घालता. त्यांनी तशीच सावकाश मान हलवली, आणि या वेळी मी ती आहे तशी घेतली. सोमवारी ते आले. मी सगळ्यांना गोळा केलं आणि त्यांना विनंती केली की यंत्र कसं भरायचं ते आम्हाला तुम्ही दाखवा. त्यांनी दाखवलं, आणि धातूच्या जड थाळ्या आम्ही वर ठेवत होतो त्या मुकाट्यानं खाली आणून ठेवल्या, म्हणजे वाफेचं पाणी कापडी गठ्ठ्यांवर ठिबकणार नाही. माझे कान लाल झाले. नव्या माणसांना पुस्तकातून मी हेच शिकवते.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या घरातून निघतानाचं. नात मला जिन्यापर्यंत सोडायला आली. मी सहज विचारलं, शाळा कशी आहे. तिनं इतक्या चटकन मान हलवली की वेणी पुढे आली. छान आहे, म्हणाली, खूप सोपी आहे, मला एक मैत्रीणपण आहे. मी विचारलं, काय नाव तिचं? तिची नजर क्षणभर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिनं एक नाव सांगितलं. मी खाली उतरायला वळले. समोरच्या दारावर पाटी होती, आणि पाटीवर तेच नाव होतं. ताई, मी दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर बसून राहिले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, अंगावर चांगला कोट, हातात पर्स, आणि उठताच येईना.

इथे आल्यावर मी तुला जे पहिलं पत्र लिहिलं ते तुला मिळालंच नाही. त्यात मी खरं लिहिलं होतं, की इथे माझ्याशी कुणी बोलत नाही, मला घरी यायचंय, तू ये. आईनं ते वाचलं. ती ओरडली नाही. माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, ताई तिथे एकटी आहे, तिला रडू येईल असं काही लिहू नकोस, काहीतरी चांगलं लिही. चांगलं काहीच नव्हतं, म्हणून मी एक मैत्रीण लिहिली. लाल सायकल असलेली. आईला ती इतकी आवडली की पुढच्या पत्राच्या वेळी तिनंच विचारलं, या वेळी काय केलं गं तिनं? आई गेली तोपर्यंत हे आम्ही दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही. ती मैत्रीण नव्हती, ताई. कधीच नव्हती. नंतरही तशी कुणी झाली नाही. मला आयुष्यात फार माणसं भेटली, सगळ्यांशी माझं उत्तम जमतं, आणि रविवारी मला फोन करील असं त्यातलं कुणी नाही.

बिट्टी झाली तेव्हा मी आले होते, त्या दुपारी आपण कपड्यांच्या घड्या घालत होतो. तू हसत हसत म्हणालीस की लहानपणी मला तुझ्या त्या सायकलवालीचा फार हेवा वाटायचा, वाटायचं की हिला आता ताईची गरज उरली नाही, म्हणून मग मी पत्रं आखूड केली. तू ते गमतीत सांगितलंस. मी घडी मोडली आणि पुन्हा घातली. तुझी पत्रं का आखूड झाली हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तर समजत होते की तूच मला विसरलीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू मांडीवर बिट्टीला घेऊन इतकी सुखात होतीस, आणि मी पुन्हा मान हलवली.

आता हे पत्र कशासाठी, ते. बिट्टीचं उत्तर दोन ओळींत झालं असतं, की तिला एकटीला पाठवू नकोस, इतक्या वर्षांनी झालेली लेक अशी लांब करू नकोस, आणि त्या पत्रांच्या भरवशावर तर मुळीच नको. तुला जे मिळालं नाही ते तिला मिळावं म्हणून तू निघालीस, कळतं मला. पण तुला जे मिळालं नाही ते मलाही मिळालं नव्हतं. पत्र वेगळ्याच कारणासाठी आहे. छत्तीस वर्षांत मी तुला एकदाही इकडे ये म्हटलं नाही. तुला वाटलं असेल, हिला आपली लाज वाटते, किंवा हिला सवड नाही. कारण इतकं पोरकट आहे की लिहितानाही ओशाळायला होतंय. तू आलीस की पहिल्याच दिवशी म्हणणार, चल, तुझ्या सायकलवालीला भेटून येऊ. एवढ्यासाठी मी माझ्या सख्ख्या बहिणीला लांब ठेवलं. तर ये. सुट्टी लागली की बिट्टीला घेऊन ये, भाऊजींना सुटी मिळाली तर त्यांनाही आण, खोली खरंच रिकामी आहे. लगेच हो म्हणू नकोस, नीट विचार करून, जे असेल ते खरं कळव, नाही असेल तर नाही. तोवर ती पत्रं खणातून काढून पुन्हा एकदा वाच. सायकल शिकवताना मागून सीट धरून पळणारी, सोडलंय हे न सांगणारी. माझ्या कपाळावरचे केस कात्रीनं वाकडे कापून वर 'हीच फॅशन आहे' म्हणणारी. अंधाऱ्या जिन्यात हात धरणारी, मोठा तुकडा मला देऊन मला भूक नाही म्हणणारी. दर पत्र टाकताना मला वाटायचं, या वेळी तू ओळखशील. बिट्टी इथे आल्यावर विचारेलच, मावशी, सायकलवाली कुठे आहे? मी तुझ्याकडे बोट दाखवीन.

फोन उचलायला तयार बसलेली,
तुझीच
धाकटी